दोन फेऱ्यांच्या मधला डबा

एकाच जहाजावर लागोपाठ दोन सफरी केल्या असं सांगितलं की आमच्या ढोकी गावात लोक मला दोनच प्रश्न विचारतात. उलट्या झाल्या का? आणि एकाच जागी दोनदा कशाला गेलात? पहिल्याचं उत्तर आमच्या हिला विचारा, ती रंगवून सांगते. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडं आहे, पण ते समुद्रापासून नाही, आमच्या एसटी स्टँडपासून सुरू करावं लागतं.

मी कंडक्टर होतो. नोकरीतली बरीच वर्षं माझी ड्युटी अशी होती की रात्री गाडी कुठल्यातरी खेड्यात मुक्कामाला, सकाळी तिथून फेरी, दुपारी ढोकीला यायचं आणि थोड्या वेळानं त्याच गाडीनं पुढच्या फेरीला निघायचं. ढोकीला सगळे प्रवासी उतरून जायचे. नवे यायला अवकाश असायचा. ड्रायव्हर समोरच्या हॉटेलात चहाला जायचा. त्या मधल्या वेळात गाडी रिकामी असायची आणि तीच आमची जेवायची जागा होती. आमची ही घरून डबा घेऊन यायची, मुलगी शाळेतून परस्पर यायची, आणि मागच्या लांब सीटवर फडकं पसरून आम्ही तिघं जेवायला बसायचो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा, कधी दही. कारखाना चालू असला की उसाचे ट्रॅक्टर सगळा रस्ता अडवून चालायचे, गाडीला उशीर व्हायचा, आणि मी चिडून खाली उतरायचो तर या दोघी बाकड्यावर डबा न उघडता बसलेल्या दिसायच्या. माझा राग तिथंच मावळायचा. रात्री मी घरी नसायचो, त्यामुळं तिघांनी मिळून जेवायचं म्हणजे तेवढंच.

मुलगी मुद्दाम सावकाश जेवायची. एकेक घास असा चघळायची की जणू तिनं तोंड हलवायचं थांबवल्याशिवाय गाडी सुटणारच नव्हती. ड्रायव्हर मिशा पुसत यायचा, मी घंटीची दोरी दोनदा ओढायचो. टिंग टिंग. एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे निघा, हे एसटीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. डबल बेल झाली की ती रिकामा डबा घेऊन पायरीवरून खाली उडी मारायची आणि रोज तेच म्हणायची, "अण्णा, मी बी येते की."

"पुढच्या फेरीला," मी म्हणायचो.

पुढच्या फेरीला शाळा असायची, मग परीक्षा असायची, आणि मग ती मोठी झाली. हॉटेलातल्या कामाचं शिक्षण घ्यायला पुण्याला गेली आणि तिथून थेट जहाजावर लागली. पर्यटकांचं मोठं जहाज, मुंबईहून निघून गोवा आणि आणखी एकदोन ठिकाणं दाखवून परत मुंबईला आणून सोडणारं. तिच्याकडं खोल्यांचं काम. गावात एकदोघांनी नाक मुरडलं, लोकांच्या खोल्या झाडायला पोरगी समुद्रावर पाठवली म्हणाले. मी म्हणालो, तिचा बाप आयुष्यभर लोकांच्या प्रवासावर जगला, तीही जगेल, तुमच्या पोटात का दुखतंय? माझं तोंड आधीपासून असंच आहे. कंडक्टरचं तोंड मऊ असेल तर गाडीत उभं राहणारे दारातच लटकतात, पुढं सरकत नाहीत.

तिला जहाजावर लागून दोन दिवाळ्या झाल्या. मधे एकदा सुट्टीवर आली तर घर पाहुण्यांनी भरलेलं. जहाज कसं असतं, त्यात लिफ्ट असते का, मासे दिसतात का. ती पाहुण्यांना वाढत होती, मी पंगतीत होतो, ही चुलीसमोर. तिघांची पानं एकदाही एकत्र मांडली गेली नाहीत, आणि सुट्टी संपायच्या आधीच तिला बोलावणं आलं. मग गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला की ती आता परदेशी जहाजावर जाणार आहे. पगार चांगला, पण करार मोठा, आणि ते जहाज मुंबईकडं फिरकत नाही. मी खूश झालो. ही पण झाली. फोन ठेवल्यावर भाजी निवडता निवडता म्हणाली, "जायच्या आधी एकदा तिघं मिळून जेवलो असतो तर बरं झालं असतं."

बस, एवढंच. लग्नापासून हिनं माझ्याकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणून ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

मुलीला सुट्टी मिळणार नव्हती. पण जहाजावर काम करणाऱ्यांच्या घरच्यांना सफरीत सवलत असते, या तुम्हीच, असं ती म्हणाली. अडचण एकच होती. कामावरच्या माणसांनी प्रवाशांच्या पंगतीला बसायचं नाही, असा तिथला कडक नियम. ती आम्हाला दिसणार, बोलणार, चादर बदलून देणार, पण आमच्याबरोबर घास खाणार नाही. तेव्हा मी माझं डोकं चालवलं. सफर संपली की जहाज मुंबईला येतं, सगळे उतरतात, आणि त्याच दिवशी पुढची सफर सुटते. म्हणजे फेरी आणि फेरीच्या मधे गाडी रिकामी! आपण दोन सफरी लागोपाठ घ्यायच्या. मधल्या वेळात ना प्रवासी, ना काम. पोरगी मोकळी, आपण मोकळे, डबा उघडायचा. मला इतका आनंद झाला की दोन सफरींची सवलत तिच्याकडून घेतली, पण मधल्या डब्याचं पोरीला सांगितलंच नाही. तिला चकित करायचं ठरवलं. ही मात्र मला एकदा म्हणाली, "इचारा की तिला." मी म्हणालो, गाड्यांचं मला विचारायचं असतं, सांगायचं नसतं.

तर डबा. एवढे दिवस टिकणारं जेवण म्हणजे आमच्याकडं कडक भाकरी. तव्यावर भाजून, चुलीच्या धगीला उभी करून अशी वाळवलेली की महिनाभर काही होत नाही, आणि मोडली की कट्कन आवाज येतो. हिनं त्यांची चळत धुतल्या फडक्यात बांधली, बरणीत शेंगाची चटणी दाबून भरली, आणि आम्ही रेल्वेनं मुंबईला गेलो. बंदरावर तपासणी होती. घरचं खाणं आत नेता येत नाही, असं बाहेर फळ्यावर लिहिलं होतं, ते मी हिला वाचून दाखवलं नाही. तपासणाऱ्यानं फडकं सोडलं, भाकरीवर बोटानं टकटक केलं आणि विचारलं, "पापड है क्या?" ही शांतपणे म्हणाली, "पापडच." त्यानं फडकं पुन्हा बांधून दिलं. कंडक्टर असताना मी किती जणांच्या थापा पकडल्या, पण स्वतःच्या घरात एवढी तयारी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

आमच्या खोलीच्या मजल्यावर मुलगी उभी होती. निळा गणवेश, केस घट्ट बांधलेले, छातीवर बिल्ला. शेजारी तिच्या सुपरवायझर बाई होत्या, म्हणून ती हात मागे बांधून म्हणाली, "वेलकम सर, वेलकम मॅडम." खोलीचं दार लागेपर्यंत आमच्या हिनं हसू दाबून ठेवलं. दार लागल्यावर पलंगावर बसली, हसली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले. "मॅडम म्हनली मला," एवढंच पुनःपुन्हा म्हणत होती.

पहिल्या सफरीचं फार सांगत नाही. निघताना सगळ्यांना एका ठिकाणी उभं करून केशरी जाकीट कसं घालायचं ते शिकवतात. जहाज खोल पाण्यात गेलं की हिच्या पोटात ढवळायला लागलं आणि ती लोणचं चोखत पडून राहिली. जेवणाची चंगळ. एवढे पदार्थ मांडलेले की नुसतं बघत फिरण्यात भूक जाते. मी सवयीनं दाराजवळच्या टेबलावर बसायचो, जिथून सगळे आत येणारे दिसतात, आणि कुणी वाटेत घुटमळलं की माझ्या तोंडातून "पुढं सरका" निघून जायचं. संध्याकाळी नाटकाच्या खोलीत एक जादूगार माणसाच्या कानातून नाणं काढायचा. ते मला आवडलं. आमच्या वेळी सुट्ट्या पैशांची एवढी ओढाताण असायची की असा माणूस गाडीत हवाच होता.

मुलगी दिवसातून दोनदा खोली आवरायला यायची. तेवढाच वेळ ती आमच्यासमोर, तोही कामात. टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवायची, आईसाठी आल्याची बिस्किटं आणायची, बोलता बोलता हात चालूच. हिला ते बघवेना. आपली पोर आपल्या मागचा पसारा उचलते आणि आपण बसून बघायचं, हे तिला कसंतरीच व्हायचं. म्हणून मुलगी यायच्या आधी ही सगळं आवरून ठेवायला लागली. मुलगी रागावली.

"आई, तू खोली आवरलीस तर माझं काम कोण करतंय म्हणून मलाच इचारत्यात. आन् तू घातलेली चादर बगितली की त्यांना कळतंय. कोपरा असा न्हाय घालायचा."

"मग कसा घालायचा? दाव की."

मुलीनं दाखवला. चादरीचा कोपरा उचलून, पंखासारखा धरून, खालून आत सारून, वरून पुन्हा घट्ट. हिनं तो सोडवला आणि स्वतः घातला. पुन्हा सोडवला, पुन्हा घातला. मी खिडकीतून समुद्र बघत होतो. म्हटलं, आईला लेकीशी बोलायला निमित्त हवं, म्हणून चाललंय.

पहिली सफर संपायच्या आदल्या संध्याकाळी मी माझा बेत उघड केला. मुलगी उशीला अभ्रा घालत होती. मी म्हणालो, "उद्या जहाज रिकामं झालं की आपली जुनी पंगत. लांब सीट शोधून ठेव कुठंतरी. तुझ्या आईनं भाकरी आणलीय."

ती आधी खूप गोड हसली. मग हातातली उशी तशीच धरून उभी राहिली. तिचा चेहरा हळूहळू उतरला, ते मला दिसत होतं.

"अण्णा, ही एसटी न्हाय ओ," ती म्हणाली. "उद्याच तर आमचा सगळ्यात बेजार दिवस. हे सगळे उतरणार, दुपारी नवे चढणार. मधे एकूण एक खोली रिकामी करायची, धुवायची, नव्या चादरी. त्या दिवशी आमाला पाणी प्यायला बी फुरसत न्हाय. तुमी आधी इचारलं असतं तर..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. मला वाईट वाटलं, साधंसुधं नाही, चांगलंच वाटलं. आयुष्यभर फेऱ्या केल्या आणि फेऱ्यांच्या मधे काय असतं हेच मला कळलं नाही. एसटीत झाडणारा माणूस वेगळा, डेपो वेगळा, कंडक्टरनं डबा खायचा. इथं डेपो नाही. माझी पोरगीच डेपो होती.

आमची ही मात्र खचली नाही. तिनं मुलीला एकच विचारलं. "एका खोलीला तुमाला किती वेळ देत्यात गं?"

"देत्यात थोडा. खोली पुढच्या सफरीला राहणाऱ्याची असली तरी तेवढाच. का?"

"काय न्हाय. उद्याच्या चादरी आत्ताच ठिवून जा कपाटात. टावेल बी."

मुलगी घाईत होती. बाहेरून कुणीतरी हाक मारली, तिनं चादरी कपाटात सारल्या आणि गेली. मी पलंगावर पाठ फिरवून पडलो. मला कुणाशी बोलायचं नव्हतं.

सकाळी जाग आली ती जहाज थांबल्यामुळं. गाडी थांबली की मला कुठंही जाग येते. ही केव्हाच उठली होती. पदर खोचून न्हाणीघर घासत होती. मी विचारलं, "काय करायलीस?"

"उठा. गादीवरनं खाली उतरा. चादर काढायचीय."

मी कुरकुरलो. म्हणालो, सफरीला आलोय का सासुरवासाला? तिनं माझ्या अंगाखालची चादर ओढली. मग मलाही आरसा पुसायला लावला, कचऱ्याचा डबा रिकामा करायला लावला. मी पुसलेला आरसा तिनं पुन्हा पुसला. पलंगाचे कोपरे तिनं घातले तेव्हा मी पाहिलं, ते मुलीच्या कोपऱ्यांसारखेच झाले होते, तसेच घट्ट. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी बाथरूमची फरशी न सांगता पुसून घेतली.

बाहेर उतरण्याची गडबड चालू होती. लोक सुटकेसा ओढत, एकमेकांचे नंबर घेत, रेंगाळत चालले होते. ते गेल्यावर जहाज असं शांत झालं की आपली पावलं आपल्यालाच ऐकू यावीत. मी एक फेरफटका मारला. नाटकाच्या खोलीत गेलो आणि काय करतोय हे लक्षात यायच्या आधीच वाकून खुर्च्यांच्या खाली बघायला लागलो. शेवटच्या थांब्यावर सीटखाली बघायची सवय, ती काही जात नाही. एक लहान मुलाचा मोजा सापडला, तो मी काउंटरवर नेऊन दिला. तिथल्या माणसानं तो दोन बोटांनी धरला आणि माझे आभार मानले.

मग भोंग्यावर सांगितलं की जे पुढच्या सफरीलाही राहणार आहेत त्यांनी खालच्या मोठ्या हॉलमध्ये यावं, नवीन कार्ड मिळेल. जहाजावर ते कार्ड म्हणजे तिकीट, किल्ली, सगळं तेच. गेलो तर आमच्यासारखे लागोपाठवाले मोजकेच होते. त्यांत एक म्हातारं गुजराती जोडपं होतं, दरवर्षी असं करणारं. त्यांनी आम्हाला दुसऱ्या सफरीत काय होतं ते हौसेनं सांगितलं. खोली तीच मागून घेतली ते बरं केलंत, नाहीतर सामान बांधून पुन्हा सोडावं लागतं. केशरी जाकिटाचा कार्यक्रम पुन्हा होतो, चुकत नाही. जादूगाराच्या गमती त्याच असतात, हसावं लागतं, तोही ओळखतो. पण चहावाल्याला तुमची साखर लक्षात राहते, कुठला जिना कुठं जातो ते विचारावं लागत नाही, आणि नवीन लोक भांबावलेले दिसले की आपण जुने आहोत याची मजा वाटते.

हे सगळं पुढं अगदी खरं निघालं. दुसऱ्या सफरीत हिला एकदाही मळमळलं नाही, ती नवीन बायकांना लोणचं चोखायला शिकवत होती. मी लोकांना लिफ्टकडं वाट दाखवत होतो, आणि एका कुटुंबाला मी जहाजावरचाच माणूस वाटलो. त्यांनी मला पाणी आणायला सांगितलं. मी आणून दिलं, काय बिघडलं? ज्या गोव्याला मी पहिल्यांदा नावं ठेवली होती तोही दुसऱ्यांदा आवडला, कारण काही बघायचं राहिलं नव्हतं, नुसतं बसायचं होतं. एकाच वाटेनं पुन्हा गेल्यावर वाट आपली होते, हे मला एसटीत कळलं होतं, पण तिथं मी उभा असायचो. बसून ते वेगळंच वाटतं.

पण त्या सकाळी, हॉलमध्ये, यातलं काही माझ्या कानात शिरत नव्हतं. कार्ड छापायचं यंत्र अडलं होतं. आमची ही खुर्चीच्या टोकावर बसली होती आणि दर थोड्या वेळानं जिन्याकडं बघत होती. "ती येऊन जाईल ओ," ती म्हणाली. "आपण इथं आन् ती तिथं. येऊन, बघून, पुढच्या खोलीत जाईल." मी उठून काउंटरपाशी गेलो. तिथल्या पोराला म्हणालो की बाबा, आमचं आधी दे. तो म्हणाला, सर, लाइन. लाइन हा शब्द मी लोकांना इतक्या वेळा ऐकवलाय की मला गप्प बसावं लागलं.

शेवटी कार्डं मिळाली. लिफ्ट येईना म्हणून आम्ही जिन्यानं निघालो. हिचे गुडघे दुखतात, पण त्या दिवशी ती माझ्या पुढं होती. आमच्या मजल्यावर पोचलो तर सगळी वाट मळक्या चादरींच्या गाठोड्यांनी भरलेली, दारं उघडी, आतून पाण्याचे आवाज, कुणी कुणाला ओरडतंय. मुलीची ढकलगाडी आमच्या दाराच्या पुढं, शेजारच्या खोलीपाशी उभी होती. म्हणजे आमची खोली उरकून ती पुढं गेली, असंच वाटलं. ही भिंतीला हात टेकून थांबली. तिला धाप लागली होती.

मी दार उघडलं. आत मुलगी उभी होती, आणि तिच्यासमोर सुपरवायझर बाई. त्या केरळकडच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी गादीचा कोपरा उचलून बघितला, न्हाणीघरात डोकावल्या, आरशावर बोट फिरवून ते बोट बघितलं. मग मुलीला विचारलं, "तुम अभी आया. ये रूम किसने किया?"

मुलीनं आमच्याकडं बघितलं. आमच्या हिनंच पुढं होऊन तिच्या हिंदीत सांगितलं, "हमनेच करे बाई. पोरी को आज जेवने को टाइम नहीं बोले. इस कमरे का टाइम उसका बच गया ना? तो हमारे साथ बैठके दो घास खाएगी. बस."

मी जागच्या जागी उभा. आता नियम निघेल, पोरीवर ठपका येईल, असं मला वाटलं. बाई दारापाशी गेल्या. मग त्यांनी ढकलगाडी ओढून आमच्या दारासमोर लावली, म्हणजे वाटेवरून बघणाऱ्याला वाटावं की आत काम चालू आहे. "जितना एक रूम का टाइम है, उतना," त्या म्हणाल्या. हिनं फडक्यातली एक भाकरी काढून त्यांच्या हातात दिली. "लो ना. पापड है." त्यांनी ती कट्कन मोडली, एक तुकडा तोंडात टाकला आणि दार ओढून घेऊन गेल्या.

पलंग मोडायचा नव्हता, म्हणून आम्ही खाली बसलो, पलंग आणि भिंत यांच्या मधल्या बोळात. तिघांचे गुडघे एकमेकांना लागत होते. हिनं फडकं पसरलं. चटणीची बरणी उघडली तसा खोलीत आमच्या घरचा वास सुटला. नाश्त्याच्या वेळी हिनं दह्याची वाटी झाकून वर आणली होती, तीही निघाली. मुलीनं हात धुतले, पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. नुसता भाकरी मोडल्याचा आवाज. मला त्या वेळी कशाचीच उणीव वाटली नाही, हे मी स्पष्ट सांगतो. बाहेर आभाळ होतं का समुद्र, मला ठाऊक नाही. माझी लांब सीट मला मिळाली होती.

मग माझ्या लक्षात आलं की मुलगी भराभर खातेय. तीच मुलगी. घास पुरता गिळायच्या आधी दुसरा हातात. जहाजावर त्यांना असंच जेवायची सवय लागते, असं तिनं नंतर सांगितलं. आणि मी? मी एकेक तुकडा चघळत बसलो होतो. भाकरीचा एवढासा चतकोर, तो मी मोडून मोडून पुरवत होतो.

"अण्णा," ती म्हणाली, "तुमी मुद्दाम सावकाश खायलाव."

"दात न्हायत आता मला," मी म्हणालो. माझे दात चांगले आहेत. आमची ही खाली बघून हसली आणि तिनं माझ्यापुढं आणखी एक भाकरी ठेवली.

मुलीनं ती भाकरी मोडून अर्धी माझ्या हातात दिली, अर्धी आईच्या. उरलेली चटणी बोटानं पुसून घेतली. बाहेर कुणाचीतरी पावलं आली आणि गेली. ती उठली, गणवेशावरचा भुगा झटकला, आरशात बघून केस सारखे केले, आणि आम्ही काही म्हणायच्या आत आईच्या खांद्यावर हनुवटी टेकून क्षणभर तशीच उभी राहिली. मग दार उघडून बाहेर गेली. ढकलगाडीच्या लोखंडी दांडीला हात लावला, थांबली आणि वळून माझ्याकडं बघितलं. गाडीच्या कुलपाची लोखंडी किल्ली तिनं दांडीवर दोनदा वाजवली.

टिंग टिंग.

माझा घास हातातच राहिला. मी खाली बसलेलो, ती गाडीजवळ उभी. तोंडातून आपोआप निघालं, "मी बी येतो की."

"पुढच्या फेरीला, अण्णा," ती म्हणाली आणि गाडी ढकलत शेजारच्या दाराकडं गेली.